विल्माताईची ओळ

तीर्थस्वरूप विल्माताईस,

धाकट्या हार्लनचा मान खाली घालून नमस्कार. (मान तशीही गेल्या शनिवारपासून वर होत नाही, तेव्हा या नमस्काराला मला वेगळे कष्ट पडलेले नाहीत.) तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? तिकडे ॲरिझोनात म्हणे दुपारी गाडीच्या टपावर अंडं भाजून निघतं, तेव्हा उन्हाची बाहेर पडत जाऊ नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे घर जागेवर आहे, छप्पर गळत नाही आणि सरोवरावरून संध्याकाळी वारा छान येतो. आर्डिथ बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. केंद्रा बरी आहे, तीही बोलत नाही. जावई बोलतो, पण तो शिकागोचा. आमच्या घरात कुणी कुणावर कधी रुसायचं हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही.

ताई, गेल्या रविवारी दुपारी तुझा फोन वाजला नसेल. तू जेवण उरकून, भांडी विसळून, फोनपाशी खुर्ची ओढून बसली असशील आणि तो वाजला नसेल. गॉर्डन वीनस्ट्रा आजारी नाही. त्याचा फोनही बिघडलेला नाही. बिघडलाय तो तुझा भाऊ. गॉर्डन तुला दर रविवारी फोन करतो हे मला शनिवारपर्यंत ठाऊक नव्हतं. (अख्ख्या चर्चला ठाऊक होतं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना तर तुम्ही किती वेळ बोलता तेही ठाऊक होतं.) तू या ऑगस्टात इकडे आलीस की तो तुला मागणी घालणार होता, हे मला शनिवारी सकाळी गाडीत कळलं, आणि दुपारच्या जेवणाच्या आत मी त्याचा विचका करून ठेवला. (ही बातमी तुला त्याच्या तोंडून कळायला हवी होती. ती मी फोडली. पत्र धड सुरू झालं नाही तोच माझा आणखी एक गुन्हा घडला.) पुरता विचका झालाय की अजून काही सावरता येईल, ते तुझ्या हातात आहे. फोनवर हे सांगायची माझी छाती नाही, म्हणून लिहितोय.

झालं असं. केंद्रा, जावई रसेल आणि छोटी एल्सी असे तिघं शुक्रवारी आले. जुलै सरत आला की ब्लूबेरी तोडायला गॉर्डनच्या मळ्यावर जायचं, हे आपल्या घरात नाताळाइतकंच पक्कं. तुला तो मळा मी काय सांगणार? गॉर्डनच्या वडिलांच्या हाताखाली आपण दोघं शाळेच्या कपड्यांसाठी उन्हाळाभर तिथंच राबलो. तू दोन्ही हातांनी तोडायचीस. मी एका हाताने तोडायचो आणि दुसऱ्याने खायचो. आता निम्म्या मळ्यावर यंत्र फिरतं आणि निम्मा लोकांना मोकळा असतो, स्वतः तोडा आणि स्वतः न्या. जे काम करताना आपल्याला रडू यायचं, तेच करायला शहरातली माणसं आता सकाळी सकाळी गाड्या हाकत येतात, पैसे मोजतात आणि वर फोटो काढून घेतात. आमच्या रसेलने पांढरे बूट घातले होते. मी मनात हसलो. मला वाटलं, त्या दिवशी आमच्यातला बावळट तोच ठरणार.

गाडीत आर्डिथने ती बातमी सांगितली. गॉर्डनने तिला म्हणे चर्चच्या दारात गाठून विचारलं होतं, की विल्मा नक्की कधी येतेय, आणि तिला अजून उशिराच्या बेरी आवडतात का. आता गॉर्डन एका दमात दोन प्रश्न विचारतो म्हणजे काय ते कुणीही ओळखावं. तो आयुष्यात दोन वाक्यं सलग बोलला असेल तर ती पावसाबद्दल. “वन्सं आल्या की विचारणार बघा तो,” आर्डिथ म्हणाली. केंद्राने मागच्या सीटवर टाळ्याच वाजवल्या. रसेलने विचारलं, की गॉर्डन म्हणजे वजन करताना तोच तो विनोद करणारा का? एल्सीने विचारलं, आत्याआजीच्या लग्नात केक असेल का? मी गाडी चालवत होतो. मला वाटतं, मी रस्त्याकडे लक्ष देत होतो.

मळ्यावर पोचलो तर शेडमध्ये काट्यापाशी गॉर्डन नव्हता, त्याची भाची होती. त्यामुळे “जाताना माणसांचंही वजन करून घेऊ हं” हा वीनस्ट्रांचा वडिलोपार्जित विनोद ऐकायला मिळाला नाही. (त्याचे वडील मलाच बघून तो करायचे, आठवतं?) भाचीने बादल्या दिल्या, त्या कमरेला बांधायचे पट्टे दिले आणि रस्त्याकडेची एक ओळ दाखवली. ताई, त्या ओळीत काही उरलंच नव्हतं. आठवडाभर शहरातल्या पोरासोरांनी ती ओरबाडली होती. झुडपांच्या वरच्या टोकाला थोड्या तांबूस, कच्च्या बेरी, आणि खाली कुणाचातरी एका पायाचा मोजा. आणि माझा अहंकार जागा झाला. आम्ही इथली माणसं, आमचं लहानपण या वाळूत गेलेलं, आणि आम्ही काय शिकागोकरांचं उष्टं वेचायचं? मी म्हणालो, चला माझ्या मागून. मळा मला तळहातासारखा माहीत आहे.

ट्रॅक्टरच्या वाटेने आम्ही पार मागे गेलो, तिथं नाल्याच्या कडेला ती जुनी उंच झुडपं आहेत ना, गॉर्डनच्या वडिलांनी लावलेली. उशिरा पिकणारी जात. त्यांतली एक ओळ अशी लगडलेली होती की पानं दिसेनात. घडच्या घड. टपोऱ्या, निळ्या, वर तो पांढरा धूसर थर जसाच्या तसा, कुणाचं बोटही न लागलेलं. आणि ओळीच्या तोंडाशी, या बाजूच्या झुडपापासून त्या बाजूच्या झुडपापर्यंत, नारिंगी फीत.

आता फितीचा कायदा मला माहीत नाही असं मी म्हणालो, तर तू हे पत्र इथंच फाडशील. एका झुडपाला बांधलेली फीत म्हणजे आधीच्याने इथवर तोडलंय, तुम्ही इथून पुढे सुरू करा. ओळीच्या तोंडावर आडवी फीत म्हणजे ओळ राखून ठेवलीय, पाऊल टाकू नका. हे तूच मला शिकवलं होतंस.

“अहो, आडवी फीत आहे,” आर्डिथ म्हणाली.

“वाऱ्याने उडून अडकलीय,” मी म्हणालो.

“वाऱ्याला दुहेरी गाठ मारता येते होय?”

मी पुढे झालो. गाठ सोडली. (घट्ट होती, दात लावावे लागले.) फीत खिशात घालायला लाज वाटली, म्हणून एल्सीच्या टोपीला तिचं फूल करून बांधलं. पोर खूश झाली. आणि आम्ही पाचही जण तुझ्या ओळीत शिरलो. ती तुझी ओळ आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण आर्डिथची सक्त ताकीद आहे की जे बोललो ते सगळं लिहायचं. (ताकीद तिने खुणेने दिली. पत्राच्या कागदावर बोट आपटलं आणि माझ्याकडे पाहिलं.) तुला तर माहीतच आहे, बेरी तोडताना हाताला काम असतं आणि तोंडाला नसतं. अंगठ्याने घड हलकेच चोळायचा, पिकलेल्या आपोआप बादलीत पडतात, आणि जीभ मोकळी ती मोकळीच. त्यात ती झुडपं माणसाहून उंच. पलीकडच्या ओळीत कोण आहे ते दिसत नाही, पण ऐकू मात्र सगळं जातं. लहानपणी आपण अर्ध्या गावाची लफडी अशीच ऐकली. तरीही पलीकडे कुणी असेल असं मला वाटलं नाही. पार मागची ती ओळ, तिथं कोण येतंय?

केंद्रा म्हणाली, “बाबा, आत्याचं किती छान होईल ना! दोघंही एकटीच आहेत.”

मी म्हणालो, “छान कुणाचं? गॉर्डनचं? त्या गरिबाला कल्पना तरी आहे का, तो कशात उडी घेतोय त्याची?”

इथून जी गाडी सुटली ती सुटली. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, की विल्मा दुसऱ्याने धुतलेली भांडी पुन्हा धुते, आणि धुताना उसासे टाकते. गाडीत बसली की रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचते. औषधांच्या जाहिरातीसुद्धा. आणि वाचून झाल्यावर “असं का?” म्हणते, जणू पाटी गाडी चालवणाऱ्यानेच लिहिली. रात्री घरभर फिरून दुसऱ्यांच्या खोल्यांतले दिवे बंद करते, आत माणूस वाचत असला तरी. पाद्रीबाबांना चर्चच्या दारात थांबवून प्रवचनातली चूक सांगते. कुणाकडून निघताना “चला, निघते” म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत यजमानाला पुन्हा भूक लागते. आणि क्लेरन्सदाजी शेवटी शेवटी बहिरे झाले ते वयाने नाही, त्यांनी ती सोय करून घेतली होती.

रसेल हसला. (एकटाच. पण मला तेवढं पुरलं. जावई हसला की सासऱ्याला आणखी चेव येतो.) आर्डिथ म्हणाली, “अहो, हळू बोला.” मी बोललो नाही हळू. आणि मग ताई, ते वाक्य. ते गाळावं म्हणून मी दोनदा पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, “क्लेरन्सदाजींच्या अंत्यविधीला तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माणसं रडत होती आणि ही जेवणाच्या खुर्च्या पुरतात का ते बघत होती. हॅमचे पाव कमी पडतील म्हणून मला बेकरीत पिटाळलं तिने.”

या वेळी कुणीच हसलं नाही. एल्सी तेवढ्यात खाली वाकून पडलेल्या बेरी वेचत होती. ती म्हणाली, “आजोबा, या झुडपाला बूट आलेत.”

मी “हो हो, बाळ” म्हणालो आणि तोडत राहिलो. लहान मुलांचं बोलणं, कोण लक्ष देतंय? तिने पुन्हा सांगितलं, “मोठे बूट आहेत. चिखलाचे.” पण माझा तोंडाचा पट्टा सुरूच होता. मी चांगला आवाज चढवून म्हणालो (पाखरं हाकलायची ती गॅसची तोफ थोड्या थोड्या वेळाने धडाम करत असते, मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकूच जात नाही), “गॉर्डनने तिच्या वाटेला जाऊ नये हेच बरं. विल्माला कुणी लागत नाही. नवरा असताना लागला नाही, आता तर नाहीच नाही. तिला कुणाची गरज नसते. एकटीच खूश आहे ती तिकडे.”

आणि झुडपापलीकडून पाण्याचा एक लोट उसळून सरळ आकाशात गेला आणि तिथून आमच्या डोक्यावर आला.

केंद्रा किंचाळली. रसेलचे पांढरे बूट चिखलात गेले. आर्डिथची बादली आडवी झाली, माझी कमरेला होती म्हणून वाचली. आणि पानं बाजूला करत नखशिखांत भिजलेला गॉर्डन बाहेर आला. हातात पाना. तो पलीकडे जमिनीवर बसून पाण्याचा पाइप दुरुस्त करत होता. जोड निसटला होता आणि तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला होता, म्हणून त्याला उठता येईना. आणि आपल्या गॉर्डनचा स्वभाव तुला माहीत आहे. अशा वेळी नुसतं खाकरायलाही त्याला संकोच वाटला. पार भांड्यांपासून खुर्च्यांपर्यंत त्याने सगळं ऐकलं, जोड दाबून धरून. शेवटच्या वाक्याला मात्र त्याचे हात सुटले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? पण आपल्याकडची जमीन वाळूची. दुभंगत नाही, नुसती पायाखालून सरकते. मी उभा होतो, कमरेला तुझ्या बेरींनी भरलेली बादली, आणि शेजारी नात, डोक्यावर त्याची फीत.

गॉर्डनने आधी फितीकडे पाहिलं. मग ओळीकडे. “ही विल्मासाठी ठेवली होती,” तो म्हणाला. “तिला हीच जात आवडते. दुसरीकडे कुठं मिळत नाही आता.”

“मला वाटलं, वाऱ्याने...” मी म्हणालो. आर्डिथने माझ्याकडे असं पाहिलं की वारासुद्धा थांबला असता.

“असू दे,” गॉर्डन म्हणाला. मग बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. पुसायला कोरडं काही नव्हतंच, ओल्या शर्टालाच पुसत होता. “हार्लन, ती रडली होती. जेवणं झाल्यावर, चर्चच्या तळघरात. मी खुर्च्या ठेवायला खाली गेलो होतो. कॉफीचं ते मोठं भांडं घासत होती आणि रडत होती. मी दिसलो तर म्हणाली, कुणाला सांगू नकोस, वर माणसं आहेत. नाही सांगितलं. आज सांगावं लागलं.”

ताई, मी तेव्हा वरच होतो. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हॅमचा पाव खात होतो.

गॉर्डन पुढे म्हणाला, “बाकीचं मला ठाऊक होतं. दिव्यांचं, पाट्यांचं. पाट्या ती मला फोनवरही सांगते. त्याचं काही नाही. पण तिला कुणी नकोच असतं, हे माहीत नव्हतं. तू भाऊ आहेस, तुला माहीत असणार. आधीच कळलं ते बरं झालं. उगाच विचारून तिला संकोचात टाकलं असतं.”

इतकी वाक्यं त्या माणसाच्या तोंडून सलग मी कधी ऐकली नव्हती. आता तूच सांग, अशा वेळी माणसाने काय बोलावं? “नाही रे गॉर्डन, मी मूर्ख आहे, मी बोललो ते खोटं आहे,” एवढंच ना? शाळकरी पोरालाही सुचलं असतं. केंद्रा माझ्याकडे बघत होती, की आता बाबा बोलतील. आर्डिथ बघत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “जोड लोखंडी आहे का प्लॅस्टिकचा?”

“प्लॅस्टिकचा,” गॉर्डन म्हणाला आणि पुन्हा झुडपामागे गेला.

काट्यावर त्याच्या भाचीने बादल्या ठेवून घेतल्या, पण मामाने तिला आधीच काही सांगून ठेवलं असावं. ती म्हणाली, घेऊन जा, काही द्यायचं नाही. आपल्या माणसांत हा काय मार असतो ते तुला सांगायला नको. गॉर्डन भांडला असता, दुप्पट पैसे मागितले असते, तर मी ताठ मानेने दिले असते आणि चार दिवसांत विसरलो असतो. फुकट दिलेल्या बेरी घेऊन मी गाडीकडे चाललो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माणसांचं वजन करायचा विनोदही कुणी केला नाही. घरी येईपर्यंत गाडीत एकच माणूस बोललं, ती एल्सी. “मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा सांगितलं होतं.”

आणि देव पण बघ. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उतारा वाचायची पाळी माझी होती, आणि उतारा निघाला तो जिभेला लगाम घालण्याबद्दलचा. हा मी निवडत नाही, पाद्रीबाबा महिनाभर आधी ठरवतात. मी वाचला. तिसऱ्या बाकावर गॉर्डन, त्याच्या मागे आर्डिथ आणि केंद्रा, हाताची घडी घालून. नंतर कॉफीच्या वेळी पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की हार्लन, इतक्या मनापासून वाचलेला उतारा मी फार दिवसांत ऐकला नाही. गॉर्डनही आला. हात मिळवला. म्हणाला, “पाऊस हवा होता.” मी म्हणालो, “हो, हवा होता.” आणि तो घरी गेला, आणि दुपारी त्याने तुला फोन केला नाही. केला नसणार. मला खात्री आहे, कारण मी संध्याकाळी त्याच्या घरावरून गाडी नेली तेव्हा तो अंगणात बसला होता, काहीही न करता, आणि आपल्याकडे काही न करता बसलेला माणूस तू कधी पाहिला आहेस का?

तेव्हा ताई, माझी चूक पदरात घे. मी जे बोललो ते अजाणता बोललो, पलीकडे कुणी आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि बहीणभावांत असं थट्टेने बोलणं व्हायचंच. मनात काही नव्हतं. मोठेपणाने क्षमा कर. लोभ आहेच, तो या प्रकरणाने आटू देऊ नकोस. आर्डिथचा तुला नमस्कार. (तो तिने सांगितलेला नाही, पण असणार.)

तुझा नालायक धाकटा भाऊ,
हार्लन

ता. क. : विमानाचं तिकीट रद्द करू नकोस. मी विमानतळावर न्यायला येईन. रागावलेली असलीस तरी पुढच्या सीटवर बस आणि पाट्या वाच. सगळ्या वाच. मी एक शब्द बोलणार नाही.

ता. क. २ : त्या बेरींचं काय करायचं ते कळव. आर्डिथ त्यांना हात लावायला तयार नाही. जॅम नाही, केक नाही, काही नाही. म्हणते, ज्यांच्या आहेत त्यांना विचारा. तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवल्यात. मी एकही खाल्लेली नाही. (रसेलने खाल्ल्या. फार गोड आहेत म्हणाला.)

ता. क. ३ : लिफाफा चिकटवला होता, तो पुन्हा फोडला. वर मी अजाणता म्हणून लिहिलंय ते खरं नाही. एल्सीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी वाकून पाहिलं होतं. आर्डिथला दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. तसे बूट या गावात एकच माणूस घालतो. खुर्च्यांचं मी आधी बोलून गेलो होतो, ते नुसतं तोंडाळपणाने. पण तुला कुणाची गरज नसते, हे मी बूट बघून बोललो. आवाज चढवला तो त्याला ऐकू जावा म्हणून. तोफ तेव्हा वाजलेलीच नव्हती.

का ते विचारशील. गाडीत बातमी ऐकल्यापासून मी एकच हिशेब करत होतो. तू वीनस्ट्रांच्या घरी राहायला गेलीस की आमच्या मागच्या खोलीत ऑगस्टात कोण उतरणार? रात्री माझ्या डोक्यावरचा दिवा कोण घालवणार? जून लागला की मी ती खोली झाडायला घेतो, हे तुला कधी सांगितलं नाही. आर्डिथला वाटतं मी उंदरांसाठी झाडतो. गॉर्डन फोन करणार नाही, एकदा कळलं म्हणजे त्याला कळलं. तेव्हा तूच त्याला कर, हे पत्र खाली ठेवलंस की लगेच, आणि सांग की हार्लन खोटं बोलला. ताई, तुझ्यावाचून ज्याचं अडतं तो मी आहे, आणि या वयात ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी त्या भिजलेल्या माणसाला उलटंच सांगून मोकळा झालो.